विक्कीची फांदी

लोणावळा,
१९ जानेवारी २०२५

धम्मदीपदादा, नमस्कार आणि जयभीम.

फोन करता आला असता, तरी लिहितेय. आपल्या प्रकल्पाचं काहीही फोनवर ठरवायचं नाही, हा तुमच्या धाकट्या भावाचा, विक्कीचा नियम होता. ऑगस्टमध्ये काविळीनं त्याला नेलं म्हणून त्याचा नियमही गेला, असं मला वाटत नाही. दुसराही नियम पाळते: पत्र असं लिहायचं, की मध्येच येऊन बसलेल्या माणसालाही पहिल्यापासून कळावं. ऐकू न येणारा माणूस प्रत्येक गप्पांत मध्येच येऊन बसलेला असतो, असं तो लिहायचा. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगते. कंटाळलात तर चहा घ्या आणि पुढे वाचा.

आपलं 'उंबर' हे लिनक्स आपण तिघांनी उभं केलं ते जुन्या, दान मिळालेल्या कॉम्प्युटरांसाठी. विहारांतल्या अभ्यासिका, गावोगावच्या शाळा आणि माझा टायपिंग क्लास. त्यात कळफलक, फाँट, शब्दकोश, टायपिंगचा सराव अशी पुष्कळ पॅकेजं आहेत, आणि प्रत्येक पॅकेजच्या दोन फांद्या आहेत. 'पक्की' फांदी म्हणजे जिच्यातून पुढची आवृत्ती निघते आणि शाळा-अभ्यासिकांच्या मशीनवर जाते. 'ताजी' फांदी म्हणजे जिथे आपण नवे प्रयोग करतो. ती फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांच्या घरी चालते. नवा माणूस मदतीला आला, की त्याला न विचारताच यांतल्या एका फांदीवर उभं केलं जातं. ती कोणती असावी हे आपण कधी बसून ठरवलंच नाही. काही पॅकेजांत ती पक्की आहे, बहुतेकांत ताजी.

त्याचं काय झालं ते बघा. तळेगावची चैताली, इंजिनीअरिंगला आहे ती, तिनं दिवाळीच्या सुट्टीत कळफलकातली चूक दुरुस्त केली. जोडाक्षर टाकताना मशीन अडकायचं ती. आपण सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. परवा माझ्या क्लासमधली अनिता म्हणाली, "मॅडम, जोडाक्षर अजून अडकतंयच." शोधून पाहिलं तर चैतालीची दुरुस्ती ताज्या फांदीवर पडून. तिला तिथे उभं केलं, तिनं तिथे काम केलं आणि ती निघून गेली. पोरीचा काय दोष? आणि अनिताचा तरी काय? तिची टायपिंगची परीक्षा जवळ आलीय.

माझं म्हणणं असं, की सगळ्या पॅकेजांत नव्या माणसाची पहिली फांदी 'पक्की' असावी. ताजी राहील, पण जो मुद्दाम जाईल त्याच्यासाठी. 'आंदर' आवृत्ती झाली, 'नाणे' झाली, आता 'पवन' ही आवृत्ती जूनमध्ये शाळा उघडायच्या आत काढायचीय, त्याआधी हे ठरावं. कुठलाही बदल मंजूर करायच्या किल्ल्या आपल्या तिघांकडे होत्या आणि दोघं हो म्हणाले की ठरायचं. आता दोघंच उरलोय. तुमच्या होकारावाचून हे होणार नाही.

तुमच्या आईंना, रतनबाई मावशींना नमस्कार. प्रतीक्षावहिनींना आणि तुमच्या लेकीला, मानसीला आठवण सांगा.

तुमची,
रेणुका

•

सुदुंबरे,
२ फेब्रुवारी २०२५

रेणुकाताई, सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला. कंपनीत ऑडिट होतं, घरातही थोडी धावपळ होती.

माझा नकार आहे. कारण नियमाप्रमाणे पहिल्यापासून सांगतो.

विक्कीचं सगळ्यात लाडकं पॅकेज म्हणजे 'उतारा'. समोरचा माणूस बोलतो ते मराठीत पडद्यावर उमटवणारा. पक्क्या फांदीवर त्याचा जुना उतारा आहे. तो बोलणाऱ्याचं वाक्य पूर्ण संपेपर्यंत थांबतो आणि मग अख्खं वाक्य दाखवतो. तोवर बोलणारा पुढच्या वाक्यात पोचलेला असतो. ताज्या फांदीवर विक्कीनं आजारी पडेपर्यंत दोन गोष्टी केल्या. एक, बोलता बोलता शब्द उमटतात. दुसरी, खोलीत माणसं हसली की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात 'हशा' असा शब्द येतो.

ही दुसरी गोष्ट लोकांना गंमत वाटते. मला वाटत नाही. आमच्या घरात हसणं सुरू झालं की विक्की एकेकाचा चेहरा बघायचा आणि सगळ्यांच्या मागाहून हसायचा. लहानपणी मी त्याला ट्यूबलाइट म्हणायचो. त्याला विनोद उशिरा कळतात असं मला खरंच वाटायचं. तो काहीच न कळता नुसता आमच्यासाठी हसत होता, हे मला मिसरूड फुटल्यावर कळलं. त्यानं तो 'हशा' कुठून आणला हे मला माहीत आहे.

तुम्ही म्हणता तसं केलं तर येणारा प्रत्येक माणूस जुन्या उताऱ्यावर उभा राहील. ताजीकडे मुद्दाम कोण जाणार? हात धरून नेणारा तर गेला. वर्षभरात ती फांदी वाळेल आणि आपल्याला कळणारही नाही.

चैतालीची दुरुस्ती मी रविवारी बसून पक्कीवर आणली आहे. अनिताला सांगा, अपडेट घे. एका दुरुस्तीसाठी सगळ्या प्रकल्पाची घडी मोडायला नको.

बाकी सगळे ठीक. मानसीला सरांनी पहिल्या बाकावर बसवलंय, मैत्रीण मागे राहिली म्हणून बाईसाहेब फुगल्यात. सहावीत गेलीय, पण रुसवे पहिलीतले.

तुमचा,
धम्मदीप

•

लोणावळा,
६ फेब्रुवारी २०२५

धम्मदीपदादा, जयभीम.

चैतालीची दुरुस्ती आणलीत, आभार. अनिताचा प्रश्न सुटला. पण पुढच्या चैतालीचं काय? दर वेळी तुम्ही रविवारी बसणार का?

तुमचं पत्र वाचून मी क्लासमधलं सगळ्यात जुनं मशीन घेतलं आणि त्यावर ताज्या फांदीवरचा उतारा चालवला. स्वतःच पुस्तकातले धडे वाचत बसले. सुरुवातीला शब्द असे भराभर उमटत होते, की मला विक्की शेजारी बसल्यासारखं वाटलं. मग मशीन जड झालं. मग पडदा गोठला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शोधलं तर कारण 'हशा'. तो भाग वेगळा बसून सतत ऐकत असतो आणि ऐकलेलं सगळं साठवत जातो. विक्कीचा लॅपटॉप नवा होता, त्याला कधी हे दिसलं नाही. पण शाळांकडे तसे लॅपटॉप नाहीत. आपण ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलंय त्यांच्या एकाही मशीनवर हा उतारा एक तास टिकणार नाही.

म्हणून म्हणते, माणसांना पक्कीवर उभं करा. तिथे काम करणाऱ्याला गरिबाचं मशीन डोळ्यांपुढे ठेवावंच लागतं. ताजीवर आपण आपल्याच हौसेत रमतो. विक्की असता तर त्यानं हे वाचून त्याच दिवशी तो भाग उचलून बाजूला ठेवला असता आणि पक्कीला हो म्हटलं असतं. प्रकल्प लोकांच्या मशीनसाठी आहे दादा, आपल्या आठवणी जपायला नाही.

रेणुका

•

सुदुंबरे,
८ फेब्रुवारी २०२५

रेणुकाताई,

विक्की असता तर काय म्हणाला असता, हे लोणावळ्याहून त्याच्या सख्ख्या भावाला कळवल्याबद्दल आभारी आहे.

तुम्ही त्याच्या शेजारी क्लासात बसलात. मी त्याच्याबरोबर एका ताटात जेवलो. माझी किल्ली नाही म्हणते.

धम्मदीप

•

लोणावळा,
३० मार्च २०२५

धम्मदीपदादा,

माझ्या दोन पत्रांना तुमचं उत्तर नाही. त्यांत नुसतं कामाचं होतं, म्हणून हे तिसरं. सहा फेब्रुवारीच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. जखमेवर मीठ चोळल्यासारखं झालं आणि ते मी पाठवल्यावर मला कळलं. माफ करा.

परवा तळेगावच्या मंडईत प्रतीक्षावहिनी भेटल्या. त्यांच्याकडून कळलं, की विक्कीचा लॅपटॉप तुमच्याकडे रोज संध्याकाळी चालू असतो, उतारा लावलेला असतो आणि तुम्ही सगळे त्याच्यासमोर बसून बोलता. एवढं सांगून त्या मेथीची जुडी निवडत राहिल्या. मला भरून आलं. तुम्ही असं घरात त्याचं स्थान राखून ठेवलंय, त्याला अजून तुमचं बोलणं वाचायला देताय, आणि मी तुम्हाला मशीनच्या गोष्टी सांगत बसले.

ते तसंच चालू ठेवा दादा. त्याला कुणी हात लावणार नाही. फक्त त्या एका दुःखासाठी सगळ्या नव्या माणसांना ताज्या फांदीला बांधून ठेवू नका, एवढंच मागते. मलाही त्याची आठवण येते. क्लासमध्ये तो बसायचा त्या खिडकीजवळच्या मशीनवर मी अजून कुणाला बसवत नाही.

'पवन'चं काम अडलंय. हो किंवा नाही, काहीतरी लिहा.

रेणुका

•

सुदुंबरे,
४ एप्रिल २०२५

रेणुकाताई, सप्रेम जयभीम.

माफी मीही मागायला हवी. आठ फेब्रुवारीचं पत्र रागात लिहिलं आणि राग तुमच्यावर नव्हता.

तुमचा गैरसमज झालाय आणि तो मीच होऊ दिला. ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. लॅपटॉप विक्कीसाठी चालू नसतो. मानसीसाठी असतो.

तिला ऐकू कमी येतंय. पहिल्या बाकावर सरांनी तिला त्यासाठीच बसवलं. आम्हाला वाटायचं, पोरगी हट्टी झालीय, हाक मारली तर ओ देत नाही. प्रतीक्षा तिला रागवायची, मीही. संक्रांतीला सगळे अंगणात बसलो होतो. आईनं मानसीला मागून हाक मारली, मग पुन्हा मारली, मग ताट खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "आरं, पोरीला ऐकू येत न्हाई. विक्कीबी असाच तोंडाकडं बगायचा. तवा मला कळलं न्हाई, मी त्याला मारलं. आता हिला कुनी हात लावायचा न्हाई. उद्याच्या उद्या डाक्तरकडं ने."

नेलं. दोन्ही कान. अजून कमी होत जाईल म्हणाले. कानाला लावायचं यंत्र घेतलंय, त्यानं घरात भागतं. वर्गात पंखे, चाळीस पोरांचा गलका आणि सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, तिथे भागत नाही. पहिल्या पत्रात तुम्हाला धावपळ आहे लिहिलं ती हीच होती. सांगितलं नाही, कारण तुम्हाला लिहिलं की ते खरं ठरून जाईल असं वाटत होतं. मोठा माणूस असून असं वाटतं. आणि गावात एकदा कळलं की पोरीचं नाव बदलतं. विक्कीला अख्खं गाव बहिऱ्या म्हणायचं. त्याचं नाव किती जणांना माहीत होतं कोण जाणे.

म्हणून मला नवा माणूस ताज्या फांदीवर हवा होता. प्रत्येकानं तिथेच उभं राहावं, त्या उताऱ्याला हात लावावा, तो पूर्ण करावा. तिचं ऐकणं अजून कमी होत जाणार, माझ्याकडे वेळ थोडा आहे. विक्कीच्या आठवणीचं म्हणालात, ते पूर्ण खोटं नाही, पण मी मेलेल्यासाठी भांडत नव्हतो.

संध्याकाळी आम्ही जेवताना बोलतो, ती पडदा वाचते. कोपऱ्यात 'हशा' आलं की मान वर करते आणि हसते. तो शब्द तुम्ही काढून टाका म्हणता. कसा काढू?

धम्मदीप

•

लोणावळा,
६ एप्रिल २०२५

धम्मदीपदादा,

तुमचं पत्र वाचलं आणि क्लास लवकर सोडला. मानसीनं मला मागच्या वर्षी चिक्कीच्या दुकानात हाताला धरून ओढून नेलं होतं आणि मी मागून काही विचारलं तर उत्तर दिलं नव्हतं. मीही हसून म्हटलं होतं, कुणाची ऐकत नाही ही. तेव्हा मावशी एकट्या चुकल्या नाहीत, असं त्यांना सांगा.

आता एक विचारते. रागावायचं असेल तर रागवा, पण उत्तर द्या. मानसी दिवसभर कुठे बसते?

घरी विक्कीचा लॅपटॉप आहे, तिथे ताजी उत्तम चालते. पण ती शिकते वर्गात. वर्गात आपण दिलेलं जुनं मशीन आहे आणि त्यावर पक्की चालते. कितीही माणसं आणून ताजीवर उभी केली, तरी ती तुमच्या आमच्या लॅपटॉपवरच उतारा घडवत बसतील, जसा विक्की बसला. त्यालाही ठाऊक नव्हतं की तो शाळेत गोठतो. आपल्याला कुणी सांगणारच नव्हतं, कारण शाळेत ताजी कधी गेलीच नाही. मानसीला हवा असलेला उतारा पक्कीवरच व्हायला हवा. पहिल्या दिवसापासून, तिच्या वर्गातल्या मशीनवर.

माझ्या सांगण्यावर जाऊ नका. शाळेला अजून सुट्टी लागलेली नाही. सरांना विचारा, एक दिवस ताजीवरचा उतारा वर्गात नेऊन लावा आणि मागे बसून बघा. तो टिकला तर मी माझं म्हणणं मागे घेते आणि ताजीला हो म्हणते. वचन देते.

रेणुका

•

सुदुंबरे,
२७ एप्रिल २०२५

रेणुकाताई, सप्रेम जयभीम.

जयंतीच्या गडबडीत काही दिवस गेले. त्यानंतर बजरंग सरांना भेटलो. मानसीचे वर्गशिक्षक, भला माणूस. म्हणाले, "आना की. मलाबी कळूदे आपन काय बडबडतो दिवसभर." मी सुट्टी टाकली, वर्गातल्या मशीनवर ताजीवरचा उतारा चढवला, मशीन मानसीच्या बाकावर ठेवलं, सरांच्या टेबलावर माइक ठेवला आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

नदी आणि धरणं असा धडा होता. शब्द उमटायला लागले. मानसीनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. सर फळ्याकडे वळले तरी तिला वाचता येत होतं.

मग पडदा गोठला. तुम्ही म्हणाला होतात तसाच. अर्धं वाक्य पडद्यावर राहिलं: "पवनेचं पाणी आधी". मी पुढे निघालो होतो, मशीन बंद करायला. पण मानसी शांत बसली होती, हाताची घडी घालून, पडद्याकडे बघत. तिला वाटलं, सर गप्प बसलेत. आपल्याला एखादं मशीन अडकलं की आवाज चालू असतो म्हणून कळतं. तिला कशावरून कळणार? पडदा थांबला म्हणजे तिच्यासाठी वर्ग थांबला होता. ती सभ्यपणे वाट बघत होती. ते बघून माझे पाय जागीच राहिले.

सर बोलतच होते. त्यांनी एक प्रश्न विचारला. पोरांनी हात वर केले. मानसीनं आजूबाजूला बघितलं आणि तिनंही हात वर केला. सरांना आनंद झाला, पहिल्यांदाच हिनं हात वर केलाय. म्हणाले, "सांग मानसी." ती उभी राहिली, पडद्याकडे बघितलं आणि मोठ्यानं वाचलं, "पवनेचं पाणी आधी."

वर्ग हसला. पोरं वाईट नाहीत, कुणीही हसलं असतं. पण ताई, मानसीनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. सगळे हलताना दिसले तशी ती पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बघू लागली. 'हशा' येतोय का ते. तो येणार नव्हता. ती बघत राहिली आणि मग सगळ्यांचे चेहरे बघून, थांबून, मागाहून हसली.

मी त्या वर्गात विक्कीला पुन्हा बघितलं.

माझी किल्ली हो म्हणते. सगळ्या पॅकेजांत पहिली फांदी पक्की. आणि उताऱ्यातला 'हशा'चा भाग कुणी दुसऱ्यानं काढायचा नाही. तो मी काढेन. बोलता बोलता शब्द उमटण्याचं काम तेवढं पक्कीवर आणू. त्याच्या कोडला मी आजवर कधी हात लावला नव्हता. आता उघडून बसलोय. प्रत्येक ठिकाणी त्यानं बाजूला मराठीत लिहून ठेवलंय की हे का केलं. एका ठिकाणी लिहिलंय, 'दादा नेहमी सगळ्यात मोठ्यानं हसतो, त्याच्यावरून माप घेतलं.'

ते वाचून उठलो आणि विहिरीवर जाऊन आलो. आल्यावर काढायला सुरुवात केली.

धम्मदीप

•

लोणावळा,
११ मे २०२५

धम्मदीपदादा, जयभीम.

आज दोन्ही किल्ल्या लागल्या. सगळ्या पॅकेजांत नवा माणूस आता पक्क्या फांदीवर उभा राहील. तुम्ही पाठवलेला उतारा मी क्लासमधल्या जुन्या मशीनवर सकाळी लावला आणि क्लास सुटेपर्यंत बंद केला नाही. अडकला नाही. खिडकीजवळच्या मशीनवर लावला होता. तिथे आता अनिता बसते.

चैताली परत आलीय. तिला या वेळी काही सांगावं लागलं नाही, आली आणि पक्कीवर उभी राहिली. पंख्याच्या आवाजात शब्द चुकतात, त्यावर तिचं काम चाललंय. मी तिला मानसीचं नाव सांगितलेलं नाही. फक्त सांगितलं की सहावीच्या वर्गात एक मुलगी पहिल्या बाकावर बसते, तिला डोळ्यांपुढे ठेव.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली. तुम्ही काढलेला भाग एका वेगळ्या फांदीवर, आहे तसा, त्याच्या सगळ्या टिपणांसकट ठेवला आणि फांदीला 'विक्की' नाव दिलं. तिथे कुणालाही आपोआप उभं केलं जाणार नाही. मुद्दाम जाईल तो जाईल. मी आज गेले होते. तुमच्या मापाची ती ओळ वाचली आणि रडले. मग क्लासला आले.

शाळेत काय झालं ते कळवा. मावशींना नमस्कार.

रेणुका

•

सुदुंबरे,
२९ जून २०२५

रेणुकाताई, सप्रेम जयभीम.

फांदीला नाव दिलंत ते आईला सांगितलं. म्हणाली, "झाडाला नाव दिलं म्हना की." मी हो म्हणालो.

शाळा उघडली. 'पवन' वर्गातल्या मशीनवर आहे. नवी सातवी, पण बजरंग सरच वर्गाबरोबर वर आले, हे आमचं नशीब. पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम काही विचारलं नाही. मानसीही काही बोलली नाही. चुका होतात, सर माणसांच्या नावांचं भलतंच काहीतरी होतं म्हणतात, पण पडदा थांबत नाही.

शुक्रवारी कंपनीतून येताना सर वेशीजवळ भेटले. माझी मोटरसायकल थांबवून म्हणाले, "भाऊ, मानसी आज हसली."

मी म्हणालो, "हसते की ती सर."

"तशी न्हाई. येरवी सगळ्यांच्या मागनं हसती. आज संगट हसली. मी फळ्याकडं तोंड करून हुतो, तरीबी संगटच हसली. मीच थांबलो बोलायचा."

एवढं सांगून ते गेले. मी तिथेच मोटरसायकलवर बसून राहिलो. कोपऱ्यात तो शब्द उमटत नाही आता. मी स्वतः काढलाय तो. तिला त्याची गरज पडली नाही, कारण सर काय म्हणाले ते बाकीच्यांनी ऐकलं तेव्हाच तिनं वाचलं. विक्कीनं तो शब्द कशासाठी केला होता हे मला माहीत आहे असं मी तुम्हाला लिहिलं होतं. पूर्ण माहीत नव्हतं. त्याला तो शब्द नको होता. त्याला हे हवं होतं. शब्द हा त्याचा नाइलाज होता.

घरी आलो. आई भाजी निवडत बसली होती, प्रतीक्षा भाकऱ्या थापत होती, मानसी ओट्याजवळ अभ्यास करत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो, तिला माझं तोंड दिसेल असा, आणि विचारलं, "सर आज फळ्याकडे तोंड करून काय म्हणाले गं?"

ती म्हणाली, "आप्पा, सर म्हणाले, फळा कुणी पुसलाय? म्हशीनं चाटल्यावानी केलाय." आणि सांगता सांगताच तिला पुन्हा हसू फुटलं. आई हसली, तव्यापाशी प्रतीक्षा हसली. मी तिघींच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. सगळ्यात मागाहून हसलो तो मी.

तुमचा,
धम्मदीप